‘सांधा जितका घट्ट, तितकी भट्टी सुरक्षित’ हे खरं नाही

काजूचा हंगाम तोंडावर आला की दारू गाळायच्या भट्टीबद्दल व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘भट्टीची वाफ गळू नये म्हणून सांधे पक्के बंद करा. कुकरच्या शिटीच्या जागी रबरी नळी बसवा. सांध्यांवर एम-सील भरा, वरून सिलिकॉन मारा. तांब्याच्या नळीला इलेक्ट्रिकवाल्याकडचा साधा डाख चालतो. कणकेचा लेप जुन्या लोकांचा, आता त्याची गरज नाही. शेवटी पेटती काडी सांध्याभोवती फिरवा. पेट घेतला नाही म्हणजे सांधा पक्का.’

यातलं एकेक वाक्य तपासू. त्याआधी कायद्याचं सांगायला हवं, कारण गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्याच्या दोन बाजूंना तो वेगळा आहे. गोव्यात अबकारी खात्याचा परवाना घेऊन काजूची भट्टी लावता येते, आणि तिथल्या काजू फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे, आणि त्यासाठी भांडी-नळ्या बाळगणं हाही गुन्हाच आहे. त्यामुळे पुढचं सगळं गोव्यातल्या परवानाधारक भट्टीवाल्यांसाठी आहे. तसंच सिंधुदुर्ग-रत्नागिरीत दालचिनीच्या पानांचं, वाळ्याचं, गवती चहाचं तेल काढणाऱ्यांसाठीही. भांडं, नळी, थंड पाणी, सांधे हे सगळं दोघांकडे सारखंच असतं. दारूच्या वाफेत पेट घेण्याचा धोका वाढतो, एवढाच फरक.

‘सांधे पक्के बंद करा’

मेसेजची सगळ्यात घातक ओळ हीच, कारण ती ऐकायला बरोबर वाटते. भट्टी म्हणजे कुकर नव्हे. कुकर दाब धरण्यासाठी बनवलेला असतो, त्याला शिटी असते, सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. भट्टीत दाब तयारच व्हायला नको. भाणातून, म्हणजे रस किंवा पानं उकळायच्या भांड्यातून, निघालेल्या वाफेला नळीतून थेट बाहेरच्या हवेपर्यंत कायम मोकळी वाट हवी.

साधा हिशेब करू. झाकणाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ७०७ चौरस सेंटिमीटर होतं. आत चौरस सेंटिमीटरला फक्त १०० ग्रॅम दाब साचला, म्हणजे कुकरच्या दाबाच्या जेमतेम दहावा भाग, तरी झाकणावर ७० किलोचा जोर येतो. सांधा कणकेचा असेल तर तो याच्या कितीतरी आधी फुसकन सुटतो आणि वाफ बाजूला निघून जाते. सांधा इपॉक्सीने, म्हणजे एम-सीलसारख्या पदार्थाने, चिकटवलेला असेल तर तो धरून ठेवतो, आणि सुटतो तेव्हा झाकण, उकळता रस आणि वाफ एकदमच बाहेर येतात, तेही पेटत्या चुलीवर.

दाब साचतो तो वाट तुंबल्यामुळे. आंबवण पूर्ण व्हायच्या आधीच रस भाणात ओतला तर तो फेसाळून वर चढतो आणि बोंडांचा चोथा नळीच्या तोंडात जाऊन बसतो. तेलाच्या भट्टीत हेच काम पानांचा चुरा करतो. म्हणून भाण दोन तृतीयांशाच्या वर भरू नये, रस गाळून घ्यावा आणि पानांच्या वर जाळी बसवावी.

कुकरच्या शिटीला नळी लावण्याचा सल्लाही इथेच निकालात निघतो. भांड्याला २ किलोवॅट उष्णता मिळत असेल तर सेकंदाला सुमारे दीड लिटर वाफ तयार होते. २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून ती सेकंदाला ३ मीटर वेगाने शांतपणे जाते. ८ मिलिमीटरच्या नळीत तोच वेग ३० मीटर होतो. शिटीखालच्या ४ मिलिमीटरच्या भोकातून तीच वाफ जायची तर वेग १०० मीटरच्या वर जायला हवा. वाफ तेवढ्या वेगाने सुखासुखी जात नाही, आत दाब वाढवूनच जाते. त्या भोकात चोथ्याचा एक कण अडकला तरी पुरे. शिवाय बहुतेक कुकर ॲल्युमिनियमचे असतात, आणि काजूच्या आंबट रसाने ॲल्युमिनियम झिजतं.

नळीच्या दुसऱ्या टोकाकडे लोकांचं लक्षच नसतं. हे टोक लावणीतल्या, म्हणजे गाळलेला माल जमा होतो त्या भांड्यातल्या, द्रवात बुडू देऊ नये आणि लावणीचं तोंड हवाबंद करू नये. विस्तव मंदावला की भाणातली वाफ आकसते आणि बुडालेल्या नळीतून थंड माल उलटा खेचला जातो. पातळ पत्र्याचं भाण असेल तर ते पिचकतंही.

‘एम-सील भरा, सिलिकॉन मारा, रबरी नळी चालते’

नळाची गळती थांबवायला हे पदार्थ उत्तम आहेत. गरम दारूच्या वाफेसाठी ते बनवलेलेच नाहीत. घरगुती तापमानाला सुकणाऱ्या इपॉक्सी साधारण ५० ते ७० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. शुद्ध दारू ७८ अंशांना उकळते, आणि भट्टीतली वाफ त्याहूनही गरम, १०० अंशांच्या जवळ असते. म्हणजे सांधा नेमका काम करायच्या वेळी ढिला होतो. त्यात दारू हा फार चांगला द्रावक आहे. पाण्याला जे सुटत नाही ते तिला सुटतं. पीव्हीसीच्या लवचिक नळीत तिला मऊ ठेवणारे पदार्थ मिसळलेले असतात, ते गरम दारूत उतरतात आणि नळी कडक होत जाते. दालचिनीच्या पानांचं तेल तर रबर फुगवून चिकट करून टाकतं. खिडक्या-बेसिनला मारायच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशकही घातलेलं असतं. ते खाण्यापिण्याच्या वाटेत नको.

पर्याय महाग नाहीत. वाफेच्या वाटेत तांबं किंवा ३०४ ग्रेडचं स्टील, आणि मऊ काही हवंच असेल तर पीटीएफई, म्हणजे प्लंबरच्या पांढऱ्या टेपचाच पदार्थ. तो २६० अंशांपर्यंत टिकतो आणि दारूला दाद देत नाही. पण टेप फक्त आट्यांसाठी असते. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ताणत तीन-चार वेढे द्यावेत आणि पहिला आटा मोकळा सोडावा, नाहीतर टेपचे तुकडे नळीत जातात. सरकत्या सांध्यावर टेप गुंडाळून काही उपयोग नाही. तिथे कणीकच हवी.

भाण आणि टोपी यांच्यामध्ये फ्लँज, म्हणजे बोल्टने आवळायच्या सपाट कडा, असतील तर २ ते ३ मिलिमीटर जाडीचं पीटीएफईचं वॉशर घालावं. बोल्ट समोरासमोरचे असे आलटून-पालटून आवळावेत. पहिल्या भट्टीनंतर सगळं थंड झालं की पुन्हा एकदा आवळावं, कारण पीटीएफई दाबाखाली हळूहळू पसरतं आणि सांधा सैल होतो. हे वॉशर चुलीच्या ज्वाळेपासून दूर ठेवा. फार तापलं तर त्यातून विषारी धूर निघतो.

‘साधा डाख चालतो’

नाही चालत. या एका वाक्यासाठी हा मेसेज पुढे पाठवणं थांबायला हवं.

इलेक्ट्रिकवाल्याकडच्या रिळावर ६०/४० लिहिलेलं असतं, म्हणजे ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं. ‘शिसं काही उकळून वाफेबरोबर येत नाही’ असा यावर बचाव केला जातो. ते खरं आहे, पण ते वाफेबरोबर यायची गरजच नसते. आंबलेल्या रसातून थोडं व्हिनेगरचं आम्ल वाफेबरोबर पुढे जातं. थंड झालेला आंबटसर माल नळीच्या आतल्या भिंतीवरून ओघळत येतो आणि वाटेतल्या प्रत्येक सांध्यावरचं शिसं थोडं थोडं विरघळवत लावणीत पडतो. त्यामुळे भाणापेक्षा थंड बाजूचे सांधे जास्त धोक्याचे. मालाचा रंग, वास, चव काहीच बदलत नाही. शिसं शरीरात साठत राहतं. पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणं, मनगटातली ताकद जाणं, मूत्रपिंडं खराब होणं, हे सगळं त्यातून होतं. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा जागतिक आरोग्य संघटनेला माहीत नाही.

बिनशिशाचा डाख मागून मिळतो. कथील-तांबं (९९.३/०.७) २२७ अंशांना वितळतो, कथील-चांदी (९६.५/३.५) २२१ अंशांना. काम असं करावं: नळीचं टोक बाहेरून आणि सॉकेट आतून पॉलिश पेपरने घासून लालभडक चमकवा. बोट लावू नका, तेलाचा डाग राहतो. पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठीचा फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचा लेप) पातळ लावा. नळी आत घातल्यावर भोवती केसाएवढीच, साधारण ०.१ मिलिमीटर, फट राहायला हवी. ज्योत सांध्यावर धरा, डाखावर नको. तांबं पुरेसं तापलं की टेकवलेला डाख आपोआप फटीत ओढला जातो आणि कडेला चकचकीत वळं दिसतं. डाख गोळ्या होऊन खाली पडत असेल तर तांबं थंड आहे किंवा मळलेलं आहे, आणि वरून कितीही थापला तरी तो सांधा गळणारच. गार झाल्यावर गरम पाण्याने फ्लक्स धुऊन काढा.

भाणाच्या बुडाला मात्र हा डाखही नको. रस आटून बूड कोरडं पडलं की २२७ अंश गाठायला वेळ लागत नाही, आणि शिवण उघडून उरलेला माल विस्तवावर सांडतो. जिथे ज्वाळा लागते तिथली शिवण चांदीच्या ब्रेझिंगचीच, म्हणजे चांदी मिसळलेल्या कडक डाखाचीच, हवी. ते सहाशे अंशांच्या पुढे वितळतं. कांडी घेताना कॅडमियम नसलेलीच मागा, कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना जीवघेणा ठरू शकतो.

जुन्या भांड्यांच्या कल्हईबाबतही हाच प्रश्न विचारायला हवा. शुद्ध कथलाची कल्हई ठीक. शिसं मिसळलेली स्वस्त कल्हई नको.

‘कणकेचा लेप जुनाट’

जुना आहे, पण जुनाट नाही. दमाच्या बिर्याणीच्या हंडीला कणीक का लावतात ते आठवा. ६० ते ७० अंशांना पिठातलं स्टार्च फुगून चिकट होतं आणि बारीक फटी स्वतःच भरतं. म्हणजे भट्टी तापते तसा हा लेप जास्त चांगला बसतो. खाण्याचाच पदार्थ असल्याने आत गेला तरी विष नाही, आणि दाब वाढला तर आधी तोच सुटतो. एवढे गुण एका ट्यूबमध्ये मिळत नाहीत. गोव्यात वारुळाची माती वापरतात, तीही याच कारणाने चालते: चिवट, बारीक, आणि वेळ आली की सुटणारी.

दोन वाट्या गव्हाच्या पिठाला पाऊण वाटी पाणी घ्यावं, पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट. नुसतं तांदळाचं पीठ घेऊ नये, त्यात चिवटपणा नसल्याने ते वाळून तडकतं. भाण कोमट झालं की, वाफ यायच्या आधी, बोटाएवढ्या जाडीची वळी करून सांध्यात दाबून बसवावी आणि वरून ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळावी. दोन-तीन तासांनी कड वाळून चिरा पडू लागतात, तेव्हा ओला हात फिरवावा. नळी नळीत निदान ४ सेंटिमीटर शिरलेली हवी आणि फट २ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर चूक मापाची आहे, पिठाने ती झाकू नये. भट्टी उतरली की लेप त्याच दिवशी काढून टाकावा. आपल्या दमट हवेत त्यावर रात्रीत बुरशी धरते.

‘पेटती काडी फिरवा’

दारूची वाफ हवेत ३.३ टक्क्यांपासून १९ टक्क्यांपर्यंत असेल तर पेट घेते. ती हवेच्या दीडपटीहून जड असते, म्हणून सांध्यातून निघून खाली उतरते आणि जमिनीवरून चुलीकडे सरकते. काडी वर फिरवून काही पेटलं नाही, यातून गळती नाही असं सिद्ध होत नाही. गळती असेल तर काडीनेच आग लागते, आणि दारूची ज्वाळा उन्हात नीट दिसतही नाही.

गळती तपासायची ती नुसत्या पाण्यावर. भाणात पाणी उकळून अर्धा तास वाफ नळीतून सोडा आणि थंड स्टीलची ताटली एकेका सांध्याजवळ धरा. जिथे ताटली धुरकट होते तिथे गळती आहे. खूण करा, विस्तव ओढून काढा, सगळं गार झाल्यावरच सांधा उघडा. वाफ चालू असताना बोल्ट आवळणं म्हणजे हात भाजून घेणं आहे. थंड बाजूच्या नळीत पाणी भरून, टोक बंद करून ठेवलं तर थेंब दिसतात. नवा सांधा असेल तर ही तपासणी दोनदा करा, कारण पहिल्या तापण्या-निवण्यात धातू हलतो.

जागाही महत्त्वाची. चूल आणि लावणी यांच्यामध्ये निदान ३ मीटर अंतर आणि मध्ये जांभ्या चिऱ्याची कमरेएवढी भिंत हवी. किनाऱ्यावर दुपारी वारा समुद्राकडून येतो, म्हणून दुपारच्या भट्टीत लावणी चुलीच्या पूर्वेला असावी. मग सुटलेली वाफ विस्तवापासून लांब जाते. पहाटे वारा जमिनीकडून वाहतो तेव्हा हे उलटं होतं. जवळ पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट ठेवावं. पाण्यात दारू मिसळून पातळ होते, म्हणून तिच्या आगीवर भरपूर पाणी चालतं. सुगंधी तेलाच्या आगीवर मात्र पाणी मारू नये, त्याने पेटतं तेल पसरतं. तिथे ओलं गोणपाट टाकून आग दाबावी.

हा मेसेज वाचून कोणी आधीच साधा डाख लावला असेल, तर व्हिनेगर उकळून नळी ‘साफ’ करण्याच्या फंदात पडू नये. त्याने शिसं संपत नाही. वरून बिनशिशाचा डाख चढवूनही उपयोग नाही, दोन्ही वितळून एकत्र होतात. सांध्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर सोडून नळी कापावी, तुकडा फेकून द्यावा आणि नवा सॉकेट लावावा. त्या नळीतून आधी काढलेला माल ओतून टाकावा. आणि ज्यांनी तो प्यायला असेल त्यांनी डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्यावं.