बोलायला माणूस

"तुमच्याकडे बोलायला माणूस सरकारला पुरवावा लागतो, कारण तुमच्याकडे बोलायला माणूसच उरलेला नाही." आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या चुलतभावाने, हे टाकलं आणि त्यावर धडाधड अंगठे पडले. विषय काय, तर त्याची मुलगी सीए फायनलला दुसऱ्यांदा अडकली, रात्र रात्र झोपत नाही, आणि ती म्हणाली की मला काउन्सेलरकडे जायचंय. मी एवढंच लिहिलं होतं की जाऊ दे की तिला, इथे इंग्लंडात, लीड्समध्ये लोक स्वतःच ऑनलाइन फॉर्म भरतात, जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, विचारावंसुद्धा लागत नाही. झालं, मग ते वाक्य.

त्यानंतर ग्रुपवर जे सुरू झालं ते तुमच्याही घरच्या ग्रुपवर झालेलं असणार. काकू म्हणाल्या रोज मनाचे श्लोक म्हण, समर्थांनी हे सगळं आधीच सांगून ठेवलंय. आतेभावाचं पॉझिटिव्ह थिंकिंग. आणि हिंजवडीतला एक भाचा, ज्याला प्रत्येक गोष्टीत गोल्ड स्टँडर्ड लागतं, तो म्हणाला सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी, ती सोडून बाकी सगळं थोतांड आहे, डेटा बघा. मला राग आला तो खरं तर तिघांच्या एकमताचा. तिघांचंही म्हणणं एकच, की डोक्यात वाईट विचार आहे, तो काढायचा आणि तिथे चांगला बसवायचा. अरे, पण थेरपीत असं काही करतच नाहीत!

फिलाडेल्फियाचा मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक घ्या, ज्याच्या कामातून ही सीबीटी वाढली. १९६०च्या दशकात त्याच्या लक्षात आलं की डिप्रेशनमधल्या माणसाच्या मनात काही विचार आपोआप, पटकन येऊन जातात आणि माणूस ते तपासतच नाही. म्हणून त्याची पद्धत तपासणीची. "मी नापास झाले म्हणजे मला काही जमत नाही" असा विचार आला ना, मग लिही, याच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय. थेरपिस्ट आणि तू मिळून शोधायचं, आणि शोधून विचार खरा निघाला तर तोही मान्य करायचा. यात पॉझिटिव्ह काय आहे? काकूंच्या बाजूने एक कबूल करतो, जगात सगळ्या बाजूंनी सुखी असा एक तरी माणूस आहे का ते तूच शोधून बघ, असं समर्थ मनाला म्हणतात तो श्लोक अगदी बेकच्या वळणाचा आहे. पण एकूण श्लोक दोनशे पाच, आणि त्यातले बहुतेक शोधायला लावत नाहीत, काय कर आणि काय करू नकोस ते सांगतात. झोप उडालेल्या पोरीला आणखी सांगणारं माणूस कशाला हवंय? तिच्या घरात सांगणारे कमी आहेत का?

मग न्यूयॉर्कचा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. हा बेकच्याही आधीचा, १९५५ पासूनचा, आणि स्वभावाने पूर्ण उलटा. शिव्या देणारा, दर शुक्रवारी रात्री लोकांसमोर स्टेजवर कुणालातरी बोलावून त्याच्या विचारांशी भांडणारा. त्याची आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार, महाराष्ट्रात इतकी रुजली याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही, आपल्याला भांडायला आवडतं. कि. मो. फडक्यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती इकडे आणली, ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून उभी आहे, 'विवेकनिष्ठ' हा शब्द आपल्याकडे नाक्यावरच्या माणसालाही ओळखीचा वाटतो. माझ्या इथल्या इंग्रज कलीगना एलिस कोण ते माहीत नसतं. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, कारण मग "बघ, आपल्याकडेच आहे सगळं" म्हणून आणखी अंगठे पडले असते.

भाच्यालाही उत्तर द्यायचं राहिलंय. १९९६ मध्ये नील जेकबसन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सीबीटीचे भाग सुटे करून बघितले, तर विचारांना हात न लावता नुसती माणसाची दिनचर्या हलवली, त्याला पुन्हा कामाला, माणसांत, फिरायला लावलं, तरी परिणाम पूर्ण सीबीटीएवढाच निघाला. त्याला बिहेवियरल ॲक्टिवेशन म्हणतात. २०१६ मध्ये इथल्या डेव्हन, डरहॅम आणि आमच्या लीड्समधल्या मोठ्या ट्रायलचे निकाल आले, कमी ट्रेनिंगच्या ज्युनियर लोकांनी दिलेलं हे ॲक्टिवेशन महागड्या सीबीटीपेक्षा कमी पडलं नाही. आणि दादा, तू हे वाचत असशील तर खास तुझ्यासाठी, गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये संगत या संस्थेने हेच केलं, सायकॉलॉजीचं शिक्षण नसलेल्या साध्या माणसांना शिकवून, सहा ते आठ बैठकांत. तीन महिन्यांनी ज्यांना ते मिळालं त्यातले ६४ टक्के डिप्रेशनमधून बाहेर होते, ज्यांना नेहमीचेच उपचार जरा सुधारून मिळाले त्यातले ३९ टक्के. म्हणजे बोलायला माणूस पुरवावा लागतो तो गोव्यातही, जिथे प्रत्येकाला शेजारी आहे, काकू आहे, गप्पांना घरापुढचं बाल्कांव आहे. कारण बोलायला माणूस असणं आणि ऐकायला शिकलेला माणूस असणं यात फरक आहे.

इथलं सगळं गोड आहे असंही नाही. सहा आठवड्यांत ७५ टक्के लोकांचे उपचार सुरू व्हावेत असं एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, उद्दिष्ट आहे, पण पहिल्या आणि दुसऱ्या अपॉइंटमेंटच्या मध्ये किती वाट बघावी लागते ते त्या उद्दिष्टात येत नाही. आणि आधी स्टेप टू ही हलकी पायरी, म्हणजे फोनवर कुणीतरी तरुण मुलगी, वर्कबुकची पानं, दर वेळी डिप्रेशन मोजणाऱ्या पीएचक्यू-नाइनचे तेच नऊ प्रश्न. पण फुकट आहे आणि कुणाची परवानगी लागत नाही, हे मी सोडणार नाही.

मला हे कसं माहीत, तर मी स्वतः गेलोय. ग्रुपवर हे कुणाला माहीत नाही, इथे लिहितोय. बाबांना स्ट्रोक आला त्यानंतरच्या हिवाळ्यात, चारलाच अंधार व्हायचा आणि मला टेस्को सुपरमार्केटच्या रांगेत उभं राहून छातीत धडधडायचं. थेरपिस्टबाई खूप चांगल्या होत्या, शांत, बेकच्या वळणाच्या. कागदावर सात रकाने भरायचे. परिस्थिती, भावना, विचार. विचाराच्या रकान्यात मी लिहिलं, मी तिथे असायला हवा होतो. मग बाजूने पुरावा. आणि पुरावा सगळा होता हो! बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा मी टीम्सवर एक डेक प्रेझेंट करत होतो. विरुद्ध रकान्यात लिहिलं, रोज फोन करतो, पैसे पाठवतो. ते वाचून मलाच लाज वाटली. विचार तपासला आणि खराच निघाला, पुढे काय? त्या बाईंना कळेना की चाळिशीतल्या माणसाचे आईवडील दुसऱ्या देशात आपापले राहतात यात गुन्हा कुठला, त्यांची स्वतःची आई कॉर्नवॉलला एकटी राहते आणि कुत्रा पाळते.

एलिस इथे कामी येतो. तो विचार खरा की खोटा यात आधी अडकतच नाही. तो म्हणतो, धरून चाल की खरंय, तू तिथे नव्हतास, पण असायलाच हवं होतं हा कायदा कुणी केला? असायला हवं होतं असं वाटणं ही इच्छा झाली, असायलाच पाहिजे होतं ही सक्ती, आणि माणूस आजारी पडतो तो सक्तीने. हे मी नंतर मराठीत वाचलं, रात्री, आणि पहिल्यांदा नीट झोपलो. पुतणीलाही मी हेच कळवलंय, की थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचार तुम्ही विचार तपासणार, त्याच्याशी भांडणार, की त्याला बाजूला ठेवून मला आधी घराबाहेर काढणार? तिला बहुतेक शेवटचं लागेल आधी, ती पंधरा दिवस गाऊनमध्येच आहे म्हणे. आणि रात्री फारच झालं तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.

पण एलिसवरही माझं पूर्ण समाधान नाही. त्याच्या हिशोबाने मी त्या सक्तीतून सुटायला हवं. मला सुटायचं नाहीये पूर्ण. ती टोचणी गेली तर साताऱ्याशी, घराशी माझं काय उरलं, वर्षाकाठी एक फेरी आणि कंदी पेढे? स्टीव्हन हेसची एसीटी म्हणून आणखी एक पद्धत आहे, तिच्यात विचाराशी भांडायचंच नाही, "माझ्या मनात असा विचार येतोय" एवढं म्हणायचं, त्याला सोबत घेऊन आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं ते करत राहायचं. ती मला सध्या झेपते. इथल्या मित्रांना वाटतं हा अजून बरा झालेला नाही.

आणि दादाचं ते वाक्य एवढं का झोंबलं तेही सांगून टाकतो. त्या दिवशी बाबांना उचलून गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं ते त्याने. पहिली रात्र आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर काढली ती त्याने. तुमच्याकडे माणूस उरलेला नाही, असं म्हणायचा हक्क ग्रुपवर कुणाला असेल तर त्यालाच आहे, आणि मी त्याला गोव्याच्या टक्केवारीने उत्तर देतोय.

पुण्यात चांगल्या थेरपिस्टची फी एका सेशनला हजार-दीड हजार सहज आहे. ती मी देतो म्हटलं तर दादाला राग येणार, आला पैसे पाठवून मोकळा व्हायला. न म्हणावं तर पोरीचं सेशन महिन्यातून एकावर येणार आणि मग दोन महिन्यांनी म्हणणार की काही उपयोग झाला नाही. बायको म्हणते थेट पुतणीच्या खात्यात टाक, त्याला सांगू नकोस. मी अजून काही ठरवलेलं नाही.