एक स्वच्छ फोटो, की झालं नाव? रॉबर फ्लायबद्दलच्या दाव्यांची झाडाझडती

रॉबर फ्लाय, म्हणजे दुसरे किडे धरून खाणारी शिकारी माशी, ओळखणं म्हणजे पोरखेळ, असं सांगणारी एक पोस्ट सध्या जोरात फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: तोंडावर दाढी आणि पायांत शिकार दिसली की ओळख पटली, रंगावरून स्पीशीज (प्रजाती) कळते, शेपटाचं टोक म्हणजे नांगी, आणि एक स्वच्छ फोटो ओळख सांगणाऱ्या ॲपला दिला की नाव हातात. यातला पहिला मुद्दा निम्मा बरोबर आहे. बाकीच्यांना तेवढेही गुण देता येत नाहीत.

‘दाढी आणि शिकार म्हणजे रॉबर फ्लाय.’
शिकार सोडून द्या. डान्स फ्लाय या वेगळ्या कुळातल्या माश्या शिकार करतात, शेणावरच्या पिवळ्या केसाळ माश्याही दुसऱ्या माश्या धरतात. दाढीचा पुरावा त्याहून बरा. चेहऱ्यावरच्या त्या राठ केसांच्या झुपक्याला मिस्टॅक्स म्हणतात, आणि धडपडणाऱ्या भक्ष्यापासून चेहरा वाचवायला तो उपयोगी पडत असावा असं मानलं जातं. पण लेप्टोगॅस्टर या जीनससारख्या (जीनस म्हणजे जवळच्या स्पीशीजचा गट) काडीपैलवान रॉबर फ्लायमध्ये तो इतका विरळ असतो की फोटोत दिसतही नाही.

खरी खूण माथ्यावर आहे. समोरून पाहिलं तर दोन मोठ्या डोळ्यांमध्ये खोल खाच दिसते आणि त्या खाचेत एका उंचवट्यावर तीन साधे डोळे बसलेले असतात. नर असो वा मादी, मोठे डोळे माथ्यावर एकमेकांना भिडत नाहीत. स्टिलेटो फ्लाय ही दुसऱ्या कुळातली माशी लांबट पोटामुळे हमखास चकवते, पण तिच्या माथ्यावर ही खाच नसते आणि पुष्कळ नरांचे डोळे वर चिकटलेले असतात. ही खाच आणि पुढे आलेली कडक, टोचणारी सोंड एकत्र दिसली, तर कुळ ॲसिलिडी, म्हणजे रॉबर फ्लायचंच, असं बिनधास्त म्हणा.

‘रंगावरून स्पीशीज कळते.’
ऊन तिरपं असेल तर राखाडी माशी सोनेरी दिसते. वय झालं की अंगावरचे केस झडतात. नर-मादीचे रंगही वेगळे असू शकतात. त्यात नकलाकार वेगळेच: लॅफ्रिया या रॉबर फ्लायच्या जीनसमधल्या कित्येक माश्या थेट भुंग्यांसारख्या (बंबलबीसारख्या) पिवळ्या-काळ्या आणि केसाळ. त्यावर ‘पंख मोजा, मधमाशीला चार, माशीला दोन’ हा सल्ला ठरलेला. तो खोटा नाही, पण फोटोत कुचकामी. मधमाशीचे पुढचे-मागचे पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे चारही एका जोडीसारखे दिसतात. त्यापेक्षा मिशा बघा. मधमाशीच्या लांब आणि कोपरात वाकलेल्या, लॅफ्रियाच्या आखूड.

‘टोकाला नांगी असते.’
नसते. मादीचं ते अंडी घालायचं अंग. काहींत ते चपटं-पातळ असतं, काहींत टोकाला काट्यांचं कडं. नराच्या टोकाला जाडसर चिमटा असतो. हातात दाबून धरलीत तर सोंड टोचेल, तो भाग वेगळा.

‘एक फोटो पुरे, बाकी ॲप बघतं.’
या कुळात जगभरात 7,000 हून अधिक स्पीशीज आहेत, आणि त्यांना वेगळं करणाऱ्या खुणा वरून काढलेल्या फोटोत बहुधा येतच नाहीत. पंखाच्या शिरा घ्या. पुढच्या कडेजवळची एक शीर कडेपर्यंत पोचते की त्याआधीच शेजारच्या शिरेला मिळते, यावर उपकुळांची मोठी विभागणी चालते. प्रोमॅकस या जीनसमध्ये पंखाच्या टोकाकडचे, शिरांमधले जे रकाने तीन भरतात, ते दिसायला तशाच असणाऱ्या बऱ्याच जीनसमध्ये दोनच असतात. पंख पोटावर मिटलेले असले की हे सगळं झाकलं जातं. डॅसिपोगॉनिनी उपकुळातल्या अनेकांच्या पुढच्या नडगीच्या टोकाला वळलेला जाड काटा असतो. तो बघायला खालून किंवा बाजूने फोटो लागतो. ओमॅटियस या जीनसमधल्या माशीच्या मिशीचं टोक कंगव्यासारखं दातेरी असतं. ही खूण फार देखणी, पण फोकस डोळ्यांवर असेल तर गेलीच म्हणायची. आणि स्पीशीजचा अंतिम निवाडा पुष्कळदा नराच्या जननांगांच्या रचनेवर होतो, तोही सूक्ष्मदर्शकाखाली.

ॲपला यातलं काही दिसत नसतं. नाव लावलेल्या फोटोंवर ते शिकतं, त्यामुळे ज्या स्पीशीजचे फोटो जास्त तिकडे त्याचा कल झुकतो. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर ‘रिसर्च ग्रेड’चा शिक्का दिसला तरी त्यामागे फक्त दोघांचं एकमत असू शकतं. त्या दोघांनी शिरा पाहिल्या की नुसतं बटण दाबलं, हे शिक्क्यावरून कळत नाही.

फोटो काढायचेच तर एकाच माशीचे निदान चार घ्या: चेहरा समोरून, अख्खी माशी बाजूने, पंख वरून, आणि शेपटाचं टोक जवळून. एवढ्यावर बऱ्याचदा जीनस ठरतो. नोंद तिथेच थांबवून पुढे फक्त ‘नर’ किंवा ‘मादी’ लिहिलंत, तर ती ॲपने सुचवलेल्या पूर्ण नावापेक्षा पुढच्या अभ्यासकाच्या जास्त कामाची.