‘शंभरातले पाचच टिकतात’ : एका संदेशाचा प्रतिवाद

दारू सोडू पाहणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना एक संदेश वारंवार पाठवला जातो. त्याचा आशय असा : अल्कोहोलिक्स अनॉनिमससारख्या स्वमदत गटांच्या मीटिंगना जाणे व्यर्थ आहे, शंभरातले पाचच जण टिकतात, तिथे देवधर्म गळी उतरवतात, आपले गुपित चव्हाट्यावर येते, आणि ज्याच्या अंगी जिद्द आहे त्याला अशा आधाराची गरजच नसते. मदतीच्या दारापर्यंत आलेला माणूस असे काही वाचून मागे फिरू शकतो, म्हणून यातला एकेक दावा तपासणे मला आवश्यक वाटते.

पाच टक्क्यांचा आकडा सर्वांत परिणामकारक आहे आणि सर्वांत चुकीचाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेने १९७७ ते १९८९ या काळात केलेल्या सभासद-सर्वेक्षणांवरून काढलेला एक आलेख त्यासाठी पुरावा म्हणून दाखवला जातो. गटात येऊन वर्ष न उलटलेल्या लोकांपैकी कोण कितव्या महिन्यात आहे, एवढेच त्या आलेखात मांडले होते : शंभरापैकी सुमारे १९ जण पहिल्या महिन्यातले आणि ५ जण बाराव्या महिन्यातले. कोणीही गट सोडला नसता, तरी प्रत्येक महिन्याच्या वाट्याला आठच्या आसपास माणसे आली असती. त्यामुळे पाचाची तुलना शंभराशी करता येत नाही, ती एकोणिसाशी करावी लागते, आणि मग टिकणाऱ्यांचे प्रमाण पाव भागाच्या आसपास जाते. शिवाय हा हिशोब मीटिंगला येत राहण्याचा आहे. येणे थांबवलेला प्रत्येक जण पुन्हा पिऊ लागला, असे त्यातून सिद्ध होत नाही.

खरा पुरावा पाहायचा असेल, तर वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित मूल्यमापन करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा पाहावा. त्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक सहभागी होते. रुग्णाला पद्धतशीरपणे मीटिंगशी जोडून देणाऱ्या उपचारानंतर वर्षभराने पूर्ण दारूमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते, तर बोधात्मक वर्तनोपचारासारख्या (विचार व वर्तन बदलण्याच्या मानसोपचारासारख्या) अन्य उपचारांत ते ३५ टक्के होते. हा फरक चमत्कार म्हणावा असा नाही, आणि इतर बऱ्याच मोजमापांत दोन्ही बाजू साधारण सारख्याच ठरल्या. मात्र ज्या मार्गाला फी लागत नाही आणि जो उपचार संपल्यावरही चालू राहतो, तो मानसोपचाराच्या तोडीस तोड ठरत असेल, तर त्याला व्यर्थ म्हणणे अन्यायाचे आहे.

देवधर्माच्या आक्षेपात तथ्य आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा कार्यक्रम ज्या बारा पायऱ्यांत मांडला आहे, त्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो आणि अनेक मीटिंगा प्रार्थनेने संपतात. तो ईश्वर ‘आपल्याला उमजेल तसा’ मानण्याची मुभा आहे आणि काही गट पूर्णपणे धर्मनिरपेक्ष पद्धतीने चालतात. तरीही ज्याला हे रुचत नाही, त्याने आवंढा गिळून बसण्याचे कारण नाही. १९९४ पासून या नावाने चालणारी स्मार्ट रिकव्हरी ही संघटना विचार व वर्तन बदलण्याच्या तंत्रांवर उभी आहे, आणि केवळ स्त्रियांसाठी जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७० च्या दशकात विमेन फॉर सोब्रायटी सुरू केली. एकाच मीटिंगवरून मत बनवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. गटागणिक वय, भाषा, सूर आणि शिस्त बदलते, तेव्हा निदान पाच-सहा वेगवेगळ्या मीटिंगा पाहून मगच निर्णय घ्यावा.

गुपिताची भीती समजण्यासारखी आहे. तिथे फक्त पहिले नाव सांगितले जाते, बोलण्याची सक्ती नसते, आणि ‘मी आज फक्त ऐकतो’ एवढे म्हटले तरी चालते. खुल्या मीटिंगला कुणालाही बसता येते, तर बंद मीटिंग दारू सोडू इच्छिणाऱ्यांपुरतीच असते. ज्याला संकोच अधिक वाटतो त्याने बंद मीटिंग निवडावी, किंवा कॅमेरा बंद ठेवता येईल अशी ऑनलाइन मीटिंग. गुप्तता पाळण्याचे बंधन नैतिक असते, कायदेशीर नव्हे. म्हणून नोकरी वा खटल्याशी निगडित तपशील पहिल्याच दिवशी उघड न करणे शहाणपणाचे.

जिद्दीचा दावा मला धोकादायक वाटतो. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने जिद्दीने एकाएकी दारू बंद केली, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा व्यक्तीने आधी डॉक्टरांकडे जावे, कारण मीटिंग हा त्यावरचा उपाय नव्हे. दारूपासून दूर राहण्यासाठी दिली जाणारी नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटसारखी औषधे चालू असतील, तर गटातील कुणाच्या सांगण्यावरून ती थांबवू नयेत. सभासदाने डॉक्टर बनू नये, असे अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे स्वतःचे साहित्यही सांगते. जिद्द तर या संघटनेच्या संस्थापकांकडेही होती. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन यांना काही महिन्यांच्या संयमानंतर पुन्हा पिण्याची ओढ लागली, तेव्हा त्यांनी बोलण्यासाठी दुसरा मद्यपी शोधला. ते होते शल्यचिकित्सक बॉब स्मिथ, आणि त्या भेटीतूनच ही चळवळ सुरू झाली.

पुन्हा प्यायलेल्याला तिथे तोंड दाखवता येत नाही, असेही कोणी त्या संदेशाला जोडते. सभासदत्वाची एकमेव अट दारू सोडण्याची इच्छा ही आहे. त्यामुळे काल रात्री प्यायलेला माणूसही आजच्या मीटिंगला हक्काने येऊ शकतो. त्याच दिवशी प्यायलेल्याने बोलू नये, ऐकावे, एवढीच विनंती काही गट करतात.