टायगर मॉथच्या पंखावरचे फराटे: एक-तारा अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला आणि मुलाने आमच्या वर्गात रंगवलेल्या टायगर मॉथचा, म्हणजे त्या जुन्या दुपंखी विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचा, फोटो मोठा करून पाहिला. तुमच्या तीन तक्रारी आहेत. रविवारच्या तीन तासांच्या वर्गात पंखावर फराटे आले, पिवळ्या रंगात गुठळ्या निघाल्या, आणि एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं यंत्र) न वापरता आम्ही मुलांना ब्रशची जुनाट पद्धत शिकवतो. पहिल्या दोन आमच्याच चुका आहेत, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तिसरी मात्र मला पटत नाही.

गुठळ्यांचं आधी सांगतो. वर्गात वापरलेली बाटली मी कापून पाहिली. आतला रंग चांगला होता, पण नळीच्या टोकाशी वाळलेल्या रंगाची साल धरली होती आणि बाटली दाबली की तिचे तुकडे थेंबाबरोबर प्लेटमध्ये पडत होते. वर्गाआधी प्रत्येक टोक टाचणीने साफ करणं आमचं काम होतं, ते झालं नाही. नवी बाटली तुमच्या नावाने काढून ठेवली आहे, पैसे नकोत.

आता फराटे. पिवळा फार हट्टी रंग. झाकायची ताकद कमी, त्यामुळे करड्या प्लास्टिकवर थेट लावला तर हिरवट, मळकट दिसतो. खाली पांढरं अस्तर लागतं आणि वर चार-पाच पातळ हात. 'तेच तेच पाच वेळा रंगवायला लावलं' असं तुम्ही लिहिलंत, पण ते पाच हात खरंच लागतात. हे विमान १:७२ मापाचं, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तरपट लहान आहे. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर चढला तरी खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचा गिलावा केल्यासारखं होतं, आणि कापडी पंखाखालच्या फासळ्यांच्या नाजूक रेघा बुजून जातात.

चुकलं ते वेळेचं गणित. पाच हात तीन तासांत उरकायला निघालो, तेही जुलैच्या पावसात. रंग वाळेना म्हणून आमच्या माणसाने हेअर ड्रायर फिरवला. वरची साय वाळली, खाली रंग ओलाच राहिला, आणि पुढचा हात देताना ब्रशने ती साय ओढून नेली. फोटोत पंखाच्या मध्यावर दिसतो तो ओरखडा हाच. मुलाच्या हाताचा त्यात काही दोष नाही, हे त्याला आवर्जून सांगा. पंखाची कड बघा. ती त्याने घाई सुरू होण्याआधी रंगवली होती आणि ती सरळ, एकसारखी आली आहे.

यापुढे हा वर्ग दोन रविवारी होईल, त्याच फीमध्ये. पहिल्या रविवारी भाग भांड्यांच्या साबणाने धुणं, अस्तर आणि पहिला हात. बाकीचं पुढच्या आठवड्यात.

एअरब्रशबद्दल. मोठ्या मापाच्या विमानाला सलग एकच रंग द्यायचा असेल तर एअरब्रश सरस, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. पण त्याला कॉम्प्रेसर हवा, तोंडाला मास्क हवा, हवेशीर जागा हवी, आणि प्रत्येक रंगानंतर सुई काढून धुवावी लागते. बारा वर्षांच्या मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर हे कसं जमायचं? शिवाय वैमानिकाचा चेहरा, टायर, कॉकपिटमधली घड्याळं शेवटी ब्रशनेच करायची असतात. गणपतीच्या मूर्तीला अंगाचा रंग फवाऱ्याने दिला तरी डोळ्यांची आखणी ब्रशनेच होते ना! रंग किती पातळ, ब्रशवर किती, थांबायचं कधी, हे हाताला एकदा कळलं की मूल पुढे एअरब्रशही नीट शिकतं. म्हणून सुरुवात ब्रशने, आणि ती तशीच राहील.

विमान टाकून देऊ नका. रंग आता पक्का वाळला असेल. १५०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा बारीक पॉलिश पेपर) ओला करून फराट्यांवर हलक्या हाताने फिरवा, पुसा, वाळू द्या. रंगात थोडं थोडं पाणी घालून तो दुधासारखा पातळ करा. बारीक ट्रिपल झिरो ब्रश नको, दोन नंबरचा घ्या, आणि टोक टिश्यूला टेकवून जास्तीचा रंग काढा. पंखाच्या पुढच्या कडेकडून मागे एकदाच ओढायचा. अर्धवट वाळलेल्या जागी काही राहिलेलं दिसलं तरी परत जायचं नाही, ते पुढच्या हातात भरून निघतं. या हवेत दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या.

वरचा पंख त्याने अजून रंगवलेला दिसत नाही. तो पंख आणि ब्रश घेऊन कुठल्याही शनिवारी चारनंतर या, मी काउंटरमागच्या टेबलावरच असतो.