मुकादमाचा मोबाइल आणि सुहासचा डॅशबोर्ड

प्रकल्पांची तिमाही माहिती न भरणाऱ्या बिल्डरांवर महारेरानं, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकानं, कारवाई केल्याची बातमी सगळ्यांनी सकाळीच वाचली होती, त्यामुळे चहा यायच्या आधीच सुहासची गाडी सुटली.

"तीन महिन्यांनी एकदा माहिती भरायची, तेवढंही जमत नाही यांना! साइटवरची माणसंच अडाणी. मुकादमाला मोबाइल द्या, रील्स बघत बसतो."

सुहास बिल्डरांना सॉफ्टवेअर विकतो, साइटचे सगळे आकडे एका स्क्रीनवर दाखवणारं. 'डॅशबोर्ड' म्हणताना त्याचे डोळे आपोआप मिटतात.

शैला बिलिंग इंजिनिअर आहे. ती म्हणाली, "मुकादम दिवसभर व्हॉट्सॲपवर स्लॅबचे फोटो टाकतो, गावी फोनवरून पैसे धाडतो. मोबाइल त्याला येतो. तुझं ॲप भरून त्याला मिळतं काय? आमच्याकडे काँक्रीटची गाडी आली की तिचं डिलिव्हरी चलन रजिस्टरला चढवायचं, तेच ॲपमध्ये भरायचं, रात्री परत एक्सेल करून हेड ऑफिसला पाठवायचं. शेवटी साहेबांना सही कागदावरच लागते. हे सगळं करणारं पोरगं एकच."

"मग ट्रेनिंग द्या ना!"

"कोणाला? सेंट्रिंगवाला वेगळा, सळईवाला वेगळा. स्लॅब टाकला की टोळी पुढच्या साइटला."

"पण नागपूर मेट्रोला फाइव्ह-डी बीआयएम, म्हणजे ड्रॉइंग, वेळ आणि खर्च एकाच कॉम्प्युटर मॉडेलमध्ये, जमलंच की," मिलिंद म्हणाला.

"तिथं काम देणाऱ्यानंच ते ठरवलं होतं. आमच्याकडे साइटवर ड्रॉइंगच्या आर-३ची, म्हणजे तिसऱ्या सुधारणेची, प्रिंट लटकते आणि ऑफिसात आर-५ निघालेलं असतं. आधीचं तोडा, पुन्हा बांधा."

बापू ठेकेदाराला जोर चढला. "आणि अंगठ्याचं काय? सिमेंटनं बोटं झिजलेली, मशीन घेतच नाही. आमची हजेरी वहीतच बरी."

"बरी तुला!" शैला म्हणाली. "खरी हजेरी दिसली की ९० दिवस काम केल्याचा दाखला द्यावा लागेल. बांधकाम कामगारांसाठी कायदा १९९६लाच झाला, बापू. तू दाखला देत नाहीस म्हणून माणसं कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी दारोदार फिरतात. सळईचंही तेच. १२ एमएमची मीटरला ०.८८८ किलो, हिशोब पोरसुद्धा करेल. आली किती, लागली किती, भंगारात गेली किती, हे एका जागी दिसलं तर कोणाकोणाची पंचाईत होईल?"

बापू बशीत बघत राहिला. शैलाचं मला शंभर टक्के पटलं. हिशोब उघडा पडू नये असं वरच्यांनाच वाटत असेल, तर मजुराला अडाणी ठरवणं हा शुद्ध अन्याय आहे.

सुहासला मात्र बापूला धरायची संधी सापडली. "याच्या हिशोबाचं मला सांगू नका. वॉटरप्रूफिंगचे पैसे रोख मोजून घेतले, गच्ची अजून गळतेय!"

"मग लाव की तुझा डॅशबोर्ड," बापू म्हणाला. "थेंब तरी मोजून होतील."

शैलाला ठसका लागला, अर्धा चहा मिलिंदच्या शर्टावर. मग चर्चा राहिली बाजूलाच, मिलिंदचा शर्ट कोण धुणार यावर वाद सुरू झाला.