शायेनचा अपघात: वयाची चर्चा झाली, वजनाची राहून गेली

११ एप्रिल १९९६ ची सकाळ. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या शायेन विमानतळावरून उडालेलं सेसना १७७बी हे छोटं विमान काही क्षणांतच जवळच्या वस्तीत कोसळलं. 'सर्वात लहान वैमानिक' म्हणून देश ओलांडायला निघालेली सात वर्षांची जेसिका डब्रॉफ, तिचे वडील आणि प्रशिक्षक जो रीड, तिघेही गेले. हा विषय निघाला की आजही बोलणं 'एवढ्याशा पोरीच्या हाती विमान दिलंच कसं' यावरच अडतं. प्रश्न रास्तच आहे. पण चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने (अमेरिकेचं वाहतूक सुरक्षा मंडळ) स्पष्ट म्हटलंय की त्या वेळी विमान रीड चालवत होते. म्हणून मला वाटतं, आधी त्या विमानाचा हिशेब मांडायला हवा.

या विमानाची वजनमर्यादा २५०० पौंड. टेकऑफच्या वेळी ते ९६ पौंडांनी, म्हणजे सुमारे ४४ किलोंनी जास्त होतं. शायेन समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंच, आणि त्या सकाळच्या हवेत डेन्सिटी अल्टिट्यूड (तापमान आणि दाब धरून हवा किती उंचीवरच्याइतकी विरळ आहे, तो आकडा) निघत होती ६६७० फूट. म्हणजे इंजिन, पंखा आणि पंख यांना तेवढ्या उंचीवरची विरळ हवा मिळत होती. टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारी यंत्रणा) नसलेलं १८० अश्वशक्तीचं इंजिन अशा हवेत साधारण वीस टक्के ताकद गमावतं. धावपट्टी जास्त खाल्ली जाते, चढण मंदावते. रीड यांना एवढ्या उंचीवरून उडायची सवय नव्हती, हेही अहवालात आहे.

आता स्टॉल, म्हणजे वेग फार उतरला की पंखांची उचल तुटून विमान खाली येणं. चार टक्के जादा वजनाने स्टॉलचा वेग जेमतेम दोन टक्क्यांनी वाढतो. वीस अंश कलून वळलं की आणखी तीन. ऐकायला किरकोळ वाटतं. पण काही मिनिटं आधी उडालेल्या दुसऱ्या वैमानिकाने टॉवरला कळवलं होतं की विंड शिअरमुळे, म्हणजे वाऱ्याचा वेग किंवा दिशा अचानक बदलल्यामुळे, वेग १५ नॉट (ताशी सुमारे २८ किमी) वरखाली होतोय. टॉवरने ते रीड यांच्या कानावर घातलं होतं. हळू चढणाऱ्या विमानाचे १५ नॉट एका झटक्यात गेले तर हाताशी उरतं काय? त्यात पावसाने समोरची काच धूसर झालेली आणि उड्डाण होताच उजवीकडे वळण. विरळ हवेत स्पीड इंडिकेटरवर तोच आकडा असतानाही जमीन जास्त वेगाने मागे पळताना दिसते. खाली बघून वेगाचा अंदाज बांधणारा इथे हमखास फसतो. भरवसा काट्यावरच ठेवायचा, आणि वेग उतरला की नाक खाली. जमीन जवळ असताना हे करायला मन धजत नाही, पण दुसरा इलाज नसतो.

पश्चिमेकडून वादळ येत होतं, पूर्वेला ऊन दिसत होतं. वादळ पोचायच्या आत निसटू, असा तो विचार. गडगडाटी ढगाशी अशी शर्यत लावूच नये, कारण त्यातून सुटणारा वारा ढगाच्या कितीतरी पुढे धावतो. तासभर थांबायला काय हरकत होती? हरकत वेळापत्रकाची होती. आठ दिवसांत देश ओलांडून परत यायचं, वाटेत ठरलेल्या मुलाखती. एनटीएसबीने हा अतिमहत्त्वाकांक्षी कार्यक्रम आणि माध्यमांना दिलेले शब्द अपघाताला हातभार लावणारे मानले. आणि ज्या 'सर्वात लहान वैमानिक' विक्रमासाठी हा आटापिटा, ती नोंद गिनीज बुकाने सुरक्षेपायी काही वर्षं आधीच बंद केली होती.

त्याच वर्षी अमेरिकेत बाल वैमानिकांबाबत कायदा झाला, हे योग्यच झालं. पण तिथे त्या सकाळी अनुभवी वैमानिकानेही थांबायलाच हवं होतं.

हे डोंगराळ अमेरिकेपुरतंच आहे असं समजू नका. पुण्याचा विमानतळ सुमारे १९४० फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४० ला गेला की तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड ५००० फुटांच्या वर जाते. उन्हाळ्यात प्रशिक्षणाचं विमान उडवणाऱ्या पोरापोरींनी दोन्ही माणसांचं, सामानाचं आणि इंधनाचं खरं वजन कागदावर मांडावं, त्या दिवसाच्या तापमानाला हँडबुकातला टेकऑफ आणि चढणीचा तक्ता उघडून बघावा. आकडे काठावर आले तर इंधन कमी भरा, नाहीतर उड्डाण सकाळवर ढकला.