प्लग-इन हायब्रीड घ्यायला जाताना सोबत किती माणसं न्यावीत?

कमीत कमी एक गाडीभर. शोरूमला एकट्यानं जाणं बरं दिसत नाही. मामा, दाजी, एक चुलतभाऊ, माजी सरपंच आणि एकेकाळी जुनी बोलेरो वापरलेला एखादा जाणकार, एवढे तरी पाहिजेतच. जाणकार टायरला लाथ मारून बघेल, बोनेट उघडायला लावून आत वाकेल, "हं" म्हणेल आणि बोनेट लावून टाकेल. ही मंडळी आपल्या बाजूनं भांडायला आलीत असा तुमचा समज राहू द्या. सेल्समनला मात्र बघताक्षणी कळतं की एवढी माणसं घेऊन आलेला गडी मोकळ्या हातानं गावात शिरू शकत नाही. कोल्ड कॉफीचा ट्रे आला की निम्मा सौदा तिथंच झाला.

बसल्या बसल्या पहिलं वाक्य टाका: "मावेजा जमा झालाय." जमीन समृद्धी महामार्गात गेली त्याचा की बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत गेली त्याचा, ते विचारायच्या आधीच सांगा. पैसा कुठून आला आणि किती आला हे समोरच्याला कळलं की त्याला आकडा काढायला सोपं जातं. बिचाऱ्याचा वेळ वाचतो.

आता प्लग-इन हायब्रीडच का, हे घरून ठरवून जाऊ नका. हायब्रीड म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी गाडी. साध्या हायब्रीडची बॅटरी छोटी, ब्रेकवर आणि इंजिनवर आपोआप भरते. प्लग-इनची मोठी, ती सॉकेटला वायर लावून भरायची; मग साधारण चाळीस ते ऐंशी किलोमीटर गाडी पेट्रोलशिवाय पळते. वायर लावलीच नाही, तर तीच बॅटरी पाठीवर घेऊन पेट्रोल पीत हिंडते. हे सगळं माहीत असलं तर तुम्ही विचाराल की माझं रोजचं जाणं-येणं किती, आणि मग किमतीची गोष्ट वेगळ्याच वळणावर जाईल. त्यापेक्षा सेल्समनचं ऐका. तो एकच वाक्य बोलतो: "मालक, लाईट गेली तरी गाडी थांबत नाही." ज्या मुलखात शेतीच्या फीडरला आठ तास लाईट, आणि तीही पुष्कळदा रात्रीची, तिथं यापुढे कुणी काही विचारत नाही. (तारेवर आकडा टाकून कोटीची गाडी चार्ज करणारा देशातला पहिला माणूस आपल्याच जिल्ह्यातला निघावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.)

हो, कोटीची. आपल्याकडे प्लग-इन गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू एक्सएमची नुसती एक्स-शोरूम किंमत २ कोटी ६० लाख होती. शिवाय वायर आहे म्हणून करात सूट मिळेल, तर तसंही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पूर्ण बॅटरीवरच्या गाडीला जीएसटी ५ टक्के, आणि या मोठ्या हायब्रीडला ४०. यावर सेल्समनशी अर्धा तास हुज्जत घाला. तो दर दिल्लीत ठरतो, त्याच्या हातात काहीच नाही; पण दाजींना बोलायला मिळतं आणि ज्यावर खरंच बोलता आलं असतं तो कागद तोवर टेबलावर उलटा पडून राहतो.

तो कागद म्हणजे ऑन-रोडचा हिशेब. तो वाचूच नका, खालचा आकडा बघा आणि मान डोलवा. वाचला तर मध्येच 'हँडलिंग चार्जेस' दिसतील. गाडी गोडाऊनमधून शोरूमपर्यंत आणल्याचे पैसे, म्हणजे दुकानदारानं माल मांडल्याचे. ठाम नाही म्हटलं की ही ओळ निघते, म्हणून म्हणायचं नाही. त्याखाली विमा. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे; तो शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती मात्र कुणाची नाही. बाहेरून एक कोटेशन मोबाईलवर मागवलं तरी इथला आकडा खाली सरकतो. पण पाहुण्यांसमोर मोबाईल काढून विम्याचे भाव बघणं म्हणजे इज्जतीचा प्रश्न.

मग एक टक्का टीसीएस, म्हणजे शोरूमनं सरकारसाठी आपल्याकडून आधीच घेतलेला आयकर. दहा लाखांवरच्या गाडीला तो कापतात आणि रिटर्न भरला की तो आपल्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. अडीच कोटींवर अडीच लाख. आपलं उत्पन्न शेतीचं, आपण रिटर्न कशाला भरायचं? सोडून द्या.

दिवस दसऱ्याचाच धरा, तोही सकाळचा. पितृपक्षात शोरूमला माशा मारतात, महिनाअखेरीला सेल्स मॅनेजर टार्गेटसाठी कासावीस झालेला असतो, डिसेंबरात वर्ष संपायच्या भीतीनं स्टॉक काढायची घाई असते. अशा अडचणीत सापडलेल्या माणसाकडून सूट मागणं आपल्या संस्कारात बसत नाही. चेसिस नंबरवरून गाडी कधी बनली ते कळतं, आठ महिने यार्डात उभी असेल तर भाव पाडता येतो. पण मुहूर्त टळायला आलेला असताना चेसिस कोण बघत बसतंय?

खरं तर भाव न करण्याची आपल्याला चांगली सवय आहे. सोयाबीनचा हमीभाव २०२५ च्या हंगामाला क्विंटलला ५३२८. लातूरच्या मोंढ्यात ओलावा दाखवून, मूठभर दाणे तळहातावर चोळून घेणारा बोलतो तो भाव. विकताना घेणाऱ्याचा भाव, घेताना विकणाऱ्याचा. मधल्या मध्ये हमाली-तोलाई आपली, तशीच इथं हँडलिंग.

याच मराठवाड्यात उलटंही घडलंय. ऑक्टोबर २०१० मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, मंडळींनी एकी करून एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या. सौदा ६५ कोटींच्या आसपासचा, कंपनीची सूट वेगळी, आणि स्टेट बँकेचं कर्ज सात टक्क्यांनी. ट्रॅक्टरवाल्याला तेव्हा तो दर स्वप्नातही मिळत नव्हता. तुम्ही असलं काही करू नका. एकी करायची तर आधी भावकीशी बोलावं लागतं.

त्यापेक्षा जोर लावा मड फ्लॅपवर. "मॅट, सीट कव्हर, मड फ्लॅप फुकट, नाहीतर उठलो!" असं म्हणून सगळे एकदम उठा. सेल्समन केबिनमध्ये जाईल, मॅनेजरशी बोलल्यासारखं करील, घाम पुसत परत येईल आणि म्हणेल, "मालक, माझ्या पगारातून कापून घेतील, पण तुमच्यासाठी केलं." टाळ्या. अडीच कोटींत रबरी मॅट वसूल.

गावात परतल्यावर सूट किती मिळाली म्हणून विचारतीलच. मिळाली त्याच्या चौपट सांगा. पुढच्या महिन्यात तोच आकडा घेऊन तुमचा साडू त्याच टेबलावर जाऊन बसेल, आणि सेल्समन जराही न गडबडता म्हणेल, "मालक, तुमच्या साडूला दिले त्याहून दहा हजार तुम्हाला जास्त देतो. फक्त त्यांना सांगू नका."